काफांचानच्या फलाटावरची हातगाडी

आता माझी तीनच चाके उरली आहेत, मित्रांनो. चौथे कोणी काढून नेले ते मला माहीत नाही. नेणाऱ्याला गरज असेल. मी नायजेरियातल्या काफांचान स्टेशनच्या मालगोदामामागे गवतात कलंडून पडलेली एक म्हातारी हातगाडी आहे. बोलायला बसले खरी, पण मध्येच थांबले तर समजून घ्या. अंगात त्राण नाही.

माझा जन्म रेल्वेच्या कारखान्यात झाला. लाल, कठीण लाकडाच्या फळ्या, खाली लोखंडी चाके आणि ओढायला पुढे लांब दांडा. ब्रेक म्हणून एक सुटा ठोकळा दिला होता, तो चाकाखाली सारायचा. मला घडवणाऱ्या सुताराने शेवटची खीळ ठोकली, माझ्यावर उभा राहून दोन उड्या मारल्या आणि म्हणाला, "ही माझ्यापेक्षा जास्त जगणार." तेव्हा मला ते कौतुक वाटले होते.

काफांचानला तीन दिशांनी रूळ येऊन मिळतात. त्यामुळे दिवसरात्र गाड्या आणि दिवसरात्र काम. आजूबाजूच्या शेतांतले आले पोत्यांत भरून यायचे. ती पोती वाहून वाहून माझ्या फळ्यांना आल्याचा वास लागला, तो अजून गेलेला नाही. मला ओढायचा इलिया, आदराने सगळे त्याला 'मलाम' म्हणत. हा हमाल जवळच्याच गावातला, अंगाने काटकुळा, पण पोत्याला हात घातला की पोते आपणहून उठल्यासारखे वाटे. दर शुक्रवारी तो माझ्या चाकांना शेंगदाण्याचे तेल घाली आणि म्हणे, "खा बाई, तूही खा. कामाच्या जनावराला उपाशी ठेवू नये."

रुळांपलीकडे रेल्वे कामगारांची वस्ती होती. लांबलचक चाळींच्या रांगा, एकेका खोलीत एकेक देशच. कोणी हौसा, कोणी इग्बो, कोणी योरुबा, कोणी तिव, कोणी इथलेच. मोठी माणसे आपापल्या रांगेत राहत, मुलांना मात्र रांगा ठाऊक नव्हत्या. खेळताना सगळी हौसा बोलत. हरली, चिडली की मग ज्याची त्याची भाषा बाहेर पडे, आणि शिवी मात्र सगळ्यांना सगळ्यांची कळे.

दुपारची गाडी गेली की इलिया गोदामाच्या सावलीत आडवा होई आणि मुले मला पळवत. खेळ एकच, आगगाडीचा. गार्डाचा मुलगा तेर्ना इंजिन होई, कारण त्याचा आवाज सर्वांत मोठा. ओबिओरा तिकीट तपासनीस. आंब्याच्या पानाचे तिकीट नसेल तर तो सख्ख्या भावालाही खाली उतरवी. अदुन्नी फेरीवाली होऊन "अंडी घ्या, केळी घ्या, गार पाणी घ्या" असे इतके खरे ओरडे की एकदा खऱ्या गाडीतल्या बाईने खिडकीतून हात काढून पैसे पुढे केले.

एवढ्या आरड्याओरड्यात शिंप्याच्या दारातली झुवेरा मात्र बसूनच असे. लहानपणच्या तापाने तिचे पाय वाळले होते. तिचा बाप लबारान आत मशीन चालवी, ती उंबऱ्यावर बसून चिंध्या निवडी आणि बोलण्यात कोणाला हार जात नसे.

एके दिवशी तेर्ना तिच्या दारापुढे शिट्टी फुंकत थांबला आणि ओरडला, "काफांचान जंक्शन! उतरणारे उतरा, चढणारे चढा!"

"चढवायला हमाल आहे का तुमच्याकडे?" झुवेरा म्हणाली. "का नुसतीच वाफ?"

तेर्नाने तिला पाठुंगळी घेतले आणि माझ्यावर बसवले. ओबिओराने लगेच तिकीट मागितले. झुवेराने मांडीवरची चिंधी फाडून त्याच्या हातात दिली. "पहिला वर्ग," ती म्हणाली. मी आयुष्यात पुष्कळ वजन वाहिले आहे, पण इतके हलके आणि इतके रुबाबदार ओझे माझ्यावर कधी बसले नव्हते.

तिथून पुढे ती रोज येऊ लागली. मग एका सकाळी मुलांच्या डोक्यात आले की आगगाडी शाळेपर्यंत न्यावी. शाळा टेकाडावर होती. तोवर झुवेराने ती नुसती लांबून पाहिली होती. पहिल्या दिवशी मास्तरांनी माझ्याकडे पाहिले, मुलीकडे पाहिले, आणि म्हणाले, "गाडी बाहेर. प्रवासी आत." झुवेराचे नाव त्याच दिवशी हजेरीत लागले.

स्टेशन मास्तरांना मात्र हे खपेना. "इलिया, ही रेल्वेची मालमत्ता आहे! हिच्यावर पोरं कशी बसतात?"

"साहेब, पोरंही रेल्वेचीच आहेत. सगळ्यांचे बाप इथंच राबतात."

"आणि ती शिंप्याची पोर?"

"तिचा बाप तुमच्या कोटाला बटणं लावतो, साहेब."

साहेबांनी कोटाच्या बटणांकडे पाहिले आणि ते फलाटावर निघून गेले.

ते दिवस माझ्या आयुष्यातले सर्वांत चांगले. ईदला मांसाची ताटे आणि नाताळला भाताची ताटे माझ्यावरूनच या दारातून त्या दारात फिरत. चाकांत रवाळ धूळ जाई, फळ्यांवर मुले खडूने नावे लिहीत. मी थके, पण रात्री बरे वाटे.

शाळेत जाताना मुले मला ढकलत. येताना उतार, म्हणून तेर्ना आणि ओबिओरा पुढे दांडा धरून चालत आणि बाकीची मागून दोर ओढून मला आवरत. कोरड्या वाऱ्याचे दिवस होते. हवेत इतकी धूळ की उताराचा तळ दिसत नव्हता. तळाशी अदुन्नीची आई चवळीच्या पिठाचे वडे, अकारा, तळत बसे. उकळत्या तेलाची कढई आणि भोवती गिऱ्हाइकांची गर्दी.

एके दिवशी अर्ध्या उतारावर दोर तुटला.

मागची मुले एकावर एक पडली. दांडा ओबिओराच्या हातातून हिसकला गेला आणि मी सुटले. मला थांबता येत नाही, मित्रांनो. ते माझ्या हातात कधीच नव्हते. झुवेरा दोन्ही हातांनी फळी धरून बसली होती. तेर्ना माझ्या बाजूने धावत होता. त्याने ठोकळा चाकाखाली टाकला, चाकाने तो उडवला. त्याने पुन्हा पुढे धावून तो उचलला. या वेळी टाकला नाही. हाताने चाकाखाली दाबून धरला.

मी कढईच्या अलीकडे हातभर अंतरावर थांबले. झुवेराला खरचटलेही नाही. तेर्नाच्या उजव्या हाताची दोन बोटे मात्र गेली.

त्या संध्याकाळी वस्तीत जे झाले ते मी फलाटावरून ऐकले. तेर्नाचा काका लबारानच्या दारात उभा राहून ओरडत होता, "तुमच्या पोरीपायी आमच्या पोराचा हात गेला! तुमच्या लोकांना घरात ठेवता येत नाही का तिला?"

"आमचे लोक काढू नका!" आतून कोणीतरी म्हणाले. "तुमच्या पोरानंच उचलून नेली तिला. आम्ही बोलावलं नव्हतं!"

तुमचे, आमचे. हे शब्द त्या वस्तीत मी तोवर भांड्यांबद्दल ऐकले होते, माणसांबद्दल नाही. दुसऱ्या दिवसापासून मुले आपापल्या रांगेत खेळू लागली. स्टेशन मास्तरांनी मला साखळीने खांबाला जखडले. काम असेल तेव्हा इलियाने सोडायचे, काम झाले की बांधायचे. त्या दिवसांत इलिया शुक्रवारचे तेलही गुपचूप घाली. 

झुवेरा पुन्हा उंबऱ्यावर. लबारान दार अर्धे लोटून मशीन चालवी. शाळेची घंटा वस्तीपर्यंत ऐकू येत असे.

असे किती दिवस गेले ते मी मोजले नाही. एका सकाळी तेर्नाची आई इवेरेन फलाटावर आली. मागे हाताला फडके बांधलेला तेर्ना होता.

"मलाम, किल्ली द्या," ती म्हणाली.

इलिया उठून उभा राहिला. "तेर्नाच्या आई, साहेबांचा हुकूम आहे. माझी नोकरी जाईल."

"साहेबांना सांगा, तेर्नाच्या आईनं हिसकावून नेली. ते मला विचारायला आले तर मी बघते." मग तिचा आवाज खाली आला. "माझ्या पोराची बोटं त्या पोरीला वाचवताना गेली, मलाम. आता तीच घरात कुजत बसणार असेल, तर बोटं गेली कशापायी? मला रोज रात्री हेच वाटतं. झोप नाही मला."

इलियाने किल्ली तिच्या हातात दिली नाही. त्याने स्वतःच कुलूप काढले.

तिने मला ओढत लबारानच्या दारात नेले. दोन्हीकडच्या रांगांतून माणसे बाहेर येऊन उभी राहिली. लबारान दारात आला आणि खाली मान घालून म्हणाला, "बाई, तुमच्या दारात यायला मला तोंड नव्हतं."

"म्हणून मी आले. तोंडाचं नंतर बघू, भाऊ. आधी फडकं द्या, फळीवर धूळ बसलीय. आणि पोरीला तयार करा, घंटा होईल."

झुवेरा माझ्यावर बसली. तेर्नाकडे तिला बघवत नव्हते. तोच जवळ आला आणि म्हणाला, "तिकीट?"

ती रडू लागली.

"रडून फुकट जाता येत नाही," तेर्ना म्हणाला. "ओबिओराला विचार."

त्या दिवशी टेकाडावर मला एकटी इवेरेन ढकलू लागली. अर्ध्या वाटेवर अदुन्नीची आई कढई उतरवून आली आणि तिने दुसरी बाजू धरली. मग ओबिओराचे वडील आले. काका आला नाही. काका कधीच आला नाही, हेही सांगायला हवे. पण परतताना दोर नवा होता आणि तो मोठ्या माणसांनी धरला होता.

पुढे मिशनच्या दवाखान्यात झुवेराच्या पायांना लोखंडी पट्ट्या मिळाल्या आणि काखेत कुबडी आली. ती सावकाश, खटखट करत स्वतः शाळेत जाऊ लागली. मी पुन्हा पोती वाहू लागले.

पण पोती कमी होत गेली. आधी रात्रीची गाडी बंद झाली, मग दुपारची. रुळांवर गवत उगवले, मग त्या गवतात शेळ्या आल्या. माणसे कामावरून कमी झाली आणि खोल्या रिकाम्या करायचे हुकूम निघाले. आता ऐका, मित्रांनो, माझ्या थकव्याचे खरे कारण. आल्याच्या पोत्यांनी मी थकले नाही. ज्या मुलांना मी खेळवले, त्यांचे संसार मोटारतळापर्यंत मीच पोचवले. ओबिओराच्या घरचे पलंग आणि उकडलेले कोनफळ कांडायचे उखळ माझ्यावरून गेले. अदुन्नीच्या आईची काळी कढई गेली. प्रत्येक वेळी उरलेली मुले ढकलायला येत, आणि प्रत्येक वेळी ती कमी असत.

शेवटी तेर्नाचे घर निघाले, दूर माकुर्दीला. इलिया तोवर गावी जाऊन वारला होता. गार्डसाहेब आणि तेर्ना सामान चढवत होते. तेर्ना आता उंच झाला होता, अपुऱ्या बोटांच्या हाताने तो दोर सफाईने बांधे. इतक्यात खटखट ऐकू आले. झुवेरा आली होती.

"तू बस बाजूला," इवेरेन म्हणाली. "तुला नाही जमायचं, बाळ."

"मावशी, मी पुष्कळ बसले हिच्यावर," झुवेरा म्हणाली.

तिने कुबडी माझ्या फळीवर, बिछान्यांच्या वळकट्यांवर ठेवली. दोन्ही हातांनी माझी मागची पट्टी धरली, सगळा भार माझ्यावर टाकला आणि पाऊल पुढे घेतले. मी तिला ओढत होते की ती मला ढकलत होती, ते सांगता येणार नाही. गार्डसाहेब पुढे दांडा धरून फार हळू चालले. मोटारतळ आला, सामान ट्रकवर चढले. ट्रक सुटला तेव्हा तेर्नाने मागच्या फळीवरून अंगठा आणि उरलेली बोटे तोंडाशी नेली आणि इंजिनाची शिट्टी वाजवली. ती पार वळणापर्यंत ऐकू येत होती. मग झुवेरा माझा आधार घेत घरी परतली.

त्यानंतर मला कोणी ओढले नाही. माझ्या फळ्यांखाली आता एक कोंबडी अंडी घालते. कोवळी पोरे येतात, मला लाथ मारून बघतात, मी हलत नाही म्हणून कंटाळून निघून जातात. त्यांचा राग येत नाही. राग यायलाही दम लागतो.

माझ्या चाकांना तेल घाला असे मी तुम्हाला सांगणार नाही, मित्रांनो. लाकूड आणि लोखंड, झिजायचेच. पण तुमच्या गल्लीतले एखादे घर सामान बांधून निघाले असेल, मग ते कोणत्याही रांगेतले असो, तर खिडकीतून बघत राहू नका. खाली उतरा. एखादे गाठोडे उचला. जड नसले तरी उचला. आता मला जरा पडू द्या.