हजेरीत न घेतलेलं नाव

“आबासायबाचं घे की रं आता,” मागून कुणीतरी ओरडलं आणि सगळी जत्रा फिदीफिदी हसली.

व्यंकटी सोंगाड्यानं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. जत्रेच्या दुसऱ्या दिवशी, कुस्त्यांच्या आधी, भर उन्हात तमाशाची हजेरी असते. तीत सोंगाड्या पुढच्या रांगेतल्या एकेकाला गाठतो, सवाल टाकतो आणि तो जे बोलेल त्यावरच त्याची रेवडी उडवतो. आमच्या गावात ही रेवडी म्हणजे मान. सोंगाड्यानं ज्याला सोडलं, तो गावाच्या मोजदादीत धरायचाच नाही.

आबासाहेब रांगेच्या मधोमध खुर्ची टाकून बसले होते. जहागिरी खालसा झाली, पण सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, तसला माणूस. त्यांचं राज्य होतं तेव्हा व्यंकटीनं याच हजेरीत विचारलं होतं, की गावात मान मालकाला जास्त की मालकाच्या घोडीला. लोक पोट धरून हसले. आबासाहेबांनी त्याला खाली ओढलं आणि बायकोदेखत दगडावर नाक घासायला लावलं. हसणारे आम्ही सगळे माना खाली घालून बसलो. नाकावरचा तो वण व्यंकटी दर खेळाला तोंडाला फासलेल्या सफेद्याखाली लपवायचा.

आज त्यानं बदला घ्यावा आणि आम्ही बसल्या जागी हसावं, एवढंच आमचं शौर्य.

व्यंकटी मुंजाजी पाटलासमोर उभा राहिला. “पाटील, रात्री खेळाला दिसला न्हाईत.”

“घरी झोपलो हुतो.”

“मग पाटलीनबाई कंदील घिऊन कुनाला हुडकायल्या हुत्या?”

पाटीलच सगळ्यांत जास्त हसला. मग मानवतच्या बन्सीधर आडत्याची पाळी झाली. पुढं खुर्ची होती. आबासाहेबांनी मिशीवरून हात फिरवला, घसा खाकरला. उत्तर घरूनच तयार करून आले असावेत. व्यंकटी खुर्चीसमोरून सरळ पुढं गेला आणि पलीकडं बसलेल्या सटवाजी न्हाव्याला त्यानं सवाल टाकला.

लोक खवळले. भ्यालं, भ्यालं म्हणून ओरडायला लागले. ढेकळं आली. एक त्याच्या खांद्यावर फुटलं. ढोलकीमागं बसलेली त्याची बायको दगडाबाई हळूच म्हणाली, “घ्या की नाव. इतकी वर्सं मनात जळायलंय.”

“नाव घेतलं की मान हुतो,” व्यंकटी म्हणाला. “त्यो म्या द्यायचा न्हाई.”

ढेकळं अंगावर घेत त्यानं खेळ संपवला. भित्रा म्हणून आम्ही त्याला शिव्या घातल्या. मीही घातल्या.

लोक कुस्त्यांकडं पळाल्यावर आबासाहेब कनातीमागं आले. व्यंकटी तेलानं तोंड पुसत होता.

“व्यंकट्या, माझं नाव राह्यलं,” ते म्हणाले. आवाजात हुकूम नव्हता.

“आठवलं न्हाई.”

सफेदा निघाला तसा नाकावरचा वण वर आला. आबासाहेबांनी तो पाहिला आणि ते मैदानाकडं वळले. त्यांची खुर्ची उन्हात एकटीच होती. ती उचलणारा गडी कुस्त्या बघायला गेला होता. त्यांनी दोनदा हाक मारली. शेवटी खुर्ची स्वतःच्या खांद्यावर घेतली आणि ते गर्दीत शिरले. “सरका,” ते म्हणत होते. कुणी वळूनसुद्धा पाहिलं नाही.