बिशपसाहेबांच्या हातातली हातोडी

मी लाकडी हातोडी बोलतेय. खिळे ठोकायची नव्हे, सभेत माणसांना गप्प बसवायची. अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनियात, मेथडिस्ट या ख्रिस्ती पंथाच्या वार्षिक परिषदेत बिशप थ्रॉकमॉर्टन मला टेबलावर आपटतात आणि गावोगावच्या चर्चचे भले भले पाळक तोंडातला शब्द गिळतात. मोठा मान आहे म्हणे माझा. मला त्याची शिसारी येते.

माझा जन्म डोंगरातल्या हेझल गॅप गावचा. तिथल्या जुन्या चर्चची तुळई उतरवली, तेव्हा गाड्यांची चाकं घडवणाऱ्या इनॉक पार्टलोनं तिच्या अक्रोडाच्या लाकडातून मला कोरलं. त्याचा हेतू चांगला होता. गावच्या चर्चचे पाळक लेमन टटल तिथं आले, तेव्हा त्यांची बायको ऑर्फा खोकून खोकून अर्धी झाली होती. डोंगराच्या हवेनं ती सावरली, मुलांना गाणी शिकवू लागली. आता तिथंच राहावं, एवढीच तिची इच्छा. पण आमच्यात चर्चची मंडळी आपला पाळक स्वतः निवडत नाही. बिशप पाठवतील तो पाळक, आणि पाठवतील ते त्याचं गाव.

"बिशपसाहेब, ही आमच्या मंडळीची भेट," परिषदेच्या दारात टोपी चुरगाळत इनॉक म्हणाला. "तेवढं आमच्या पाळकांना हलवू नका. बाईंना हवा मानवलीये. आणि सगळं गाव त्यांच्यावर जीव टाकतं बघा!"

भोळा बिचारा! तेवढं शेवटचं वाक्य बोलला नसता तर!

नेमणुका बंद खोलीत ठरतात. बिशप आणि त्यांच्या हाताखालचे, एकेका जिल्ह्यातली चर्चेस सांभाळणारे अधीक्षक, बाकी कुणी नाही. मी टेबलावरच होते.

"सगळं गाव जीव टाकतं म्हणे," मला कुरवाळत बिशप म्हणाले. "म्हणजे मंडळी देवाची राहिली नाही, टटलची झाली. हलवा त्याला. नदीकाठच्या कोळसा-खाणीच्या गावची जागा रिकामी आहे ना?"

"साहेब, पण त्या बाईंची छाती..." अधीक्षक थॉर्प चाचरले.

"माझ्या बदल्यांपायी माझ्या बायकोनं नऊ घरं बदलली, थॉर्प. नवव्यात ती गेली. मला विचारलं होतं कुणी?"

थॉर्पनी त्या गावापुढं टटलचं नाव लिहिलं. त्यांची नेमणूकही बिशपांच्याच हातात. देवाला भिणारी माणसं साहेबाला जरा जास्तच भितात.

परिषदेच्या शेवटच्या दिवशी कोण कुठं जाणार, ती नावं वाचली गेली. तोवर कुणालाच काही ठाऊक नसतं. कोळशाच्या गावाचं नाव ऐकताच ऑर्फानं नवऱ्याचा हात घट्ट धरला. मागून इनॉक ओरडला, "अहो साहेब, पण—"

त्याच्याच हातची मी, त्याच्याच शब्दावर आपटले.

बिशप बाजूच्या दारानं निघालेसुद्धा. बग्गी आधीच जोडून ठेवलेली. नावं वाचायची आणि रडारड सुरू व्हायच्या आत स्टेशन गाठायचं, ही त्यांची जुनी सवय.

पुढच्या परिषदेत वर्षभरात वारलेल्यांची नावं वाचली. त्यात ऑर्फा टटल होती. कोळशाच्या धुरात तिनं जेमतेम हिवाळा काढला होता.

"पुढचा विषय," बिशप म्हणाले.

टटल उभे राहिले. बिशपांनी मला उचललं. या वेळी तरी मोडून पडावं, असं मला फार वाटलं. पण इनॉकनं मला जीव ओतून घडवलं होतं. मी ठक्कन वाजले आणि टटल खाली बसले.

कुणीतरी मला चुलीत घाला हो. एखाद्या पाळकाच्या घरात तेवढीच ऊब होईल.