हातांवरची उडालेली पॉलिश

मित्रांनो, मी एक जुनी सागवानी खुर्ची आहे. माझ्या दोन्ही हातांच्या टोकांवरची पॉलिश उडाली आहे. ती कशी उडाली, हे सांगताना मला अजून लाज वाटते.

१९९६ साली हातकणंगल्याच्या एका सुताराने मला घडवले. तेव्हा मला बनवून घेणाऱ्या बाळासोंचे कोल्हापुरातले घर नुकतेच उभे राहिले होते. त्यांची आई सोनूबाई जन्मभर दुसऱ्यांच्या रानात तण काढायला, भांगलणीला गेलेली. मालकाच्या दारात तिला कुणी कधी बस म्हटले नव्हते. बाळासोंनी मला घराच्या पुढच्या सोप्यात ठेवले आणि म्हणाले, "आई, लई वाकलीस. आता हितंच बसायचं. खाली बसायचं न्हाय."

मला अभिमान वाटला. चहा, पाणी, ताट, सगळे माझ्यापाशी येऊ लागले. घरच्यांनी मायेने तिच्या हातातले एकेक काम काढून घेतले. भूक मंदावली तशी ती ताट परत पाठवी आणि चहात खारी बुडवून खाई. शेजारच्या तानाबाई चिडवत, "खुर्ची सोडंना झालीस की. निवडून आलीस का काय?" सोनूबाई हसे. मात्र उठताना आधी आजूबाजूला पाही, मग माझे हात जोरात दाबून स्वतःला वर रेटी. मी तिला सावरत होते, आणि तिचे दुखणे झाकतही होते.

२००४ च्या बुद्धपौर्णिमेला विहारात वंदना संपली. सगळे उठले, पण सोनूबाईला सतरंजीवरून उठता येईना. शेजारी बसलेल्या दोघींनी काखेत हात घालून तिला उभे केले. मागे मुली हसल्या. घरी तिने गुडघे दुखतात एवढेच सांगितले आणि विहारात जाणे सोडले. पुढच्या प्रत्येक पौर्णिमेला ती पांढरे लुगडे नेसून माझ्यात बसे आणि लांबून येणारी वंदना ऐके.

तिची नात संघप्रिया फिजिओथेरपी शिकत होती. सुट्टीत आली तेव्हा तिची नजर माझ्या हातांवर गेली. तिने पॉलिश उडालेल्या जागेवरून बोट फिरवले.

"आजी, हात छातीशी बांध आणि ऊठ बघू."

सोनूबाईने दोनदा प्रयत्न केला. मग पदर तोंडावर घेतला आणि विहारात काय झाले ते सांगितले. "पोरी, कुणाला सांगू नगंस."

संघप्रिया तिला डॉक्टरांकडे घेऊन गेली. गुडघे वयाच्या मानाने ठीक होते. वजनही पूर्वीइतकेच होते, म्हणून कुणाला शंका आली नव्हती. पण मांड्यांचे स्नायू झिजले होते, हाताची पकड सैल झाली होती. वयाने स्नायू घटतात. बसून राहिल्याने आणि कमी खाल्ल्याने ते लवकर घटतात. व्यायामाने आणि आहाराने बरीच ताकद परत येते, असे डॉक्टर म्हणाले.

उठणे सोपे व्हावे म्हणून माझ्यावर जाड उशी आली. रोज उठबस सुरू झाली. ताटात घट्ट आमटी, अंडे, दही आले. काही आठवड्यांनी उशी गेली. मग माझ्या हातांचा आधारही सुटत गेला. तांदूळ निवडणे तिने सुनेकडून भांडून परत घेतले.

पुढच्या बुद्धपौर्णिमेला ती माझे हात न धरता उठली आणि विहाराकडे निघाली. त्या सकाळी मी रिकामी होते. वंदना संपल्यावरची शांतता मला फार लांबली असे वाटले.

ती परत आली आणि संघप्रियाला हळूच म्हणाली, "उठताना मला कुणी हात लावला न्हाय."

मित्रांनो, घरातल्या वडीलधाऱ्यांना खुर्ची जरूर द्या, पण त्यांचे चालणे, त्यांचे काम आणि त्यांचे पोटभर जेवण काढून घेऊ नका. उठताना त्यांचे हात कुठे टेकतात, तेही बघत जा.

सोनूबाईने तांदूळ निवडायला सूप घेतले. माझ्याकडे न येता ती माझ्या पायाशी, जमिनीवर बसली.