जिप्सीतला टिल्ट मीटर

क्षमाला उठवून बसवलं की ती ओरडायची, "पाडताय मला!" आणि डावीकडे कलंडायची ती थेट उशीवर. पॅरालिसिसचा झटका येऊन दीड महिना झाला होता. डावा हात, डावा पाय गेला, जीभ तेवढी वाचली. ती जीभ मुलुंडच्या त्या सोसायटीत आधीपासूनच नावाजलेली. पण खरी पंचाईत हातापायांची नव्हतीच. सरळ बसवलं की तिला आपण उजवीकडे पडतोय असं वाटायचं, आणि चांगला हात टेकवून ती जीव खाऊन स्वतःला डावीकडे ढकलायची. जितकं सावरावं, तितकी जास्त ढकलायची.

व्यायाम घ्यायला येणारी श्रुतिका शेवटी क्षमाच्या नवऱ्याला, नंदकुमारला, स्वयंपाकघरात घेऊन गेली. "काका, काकूंचे डोळे बरोबर बघतायत, पण त्या डोळ्यांचं न ऐकता अंगाचं ऐकतात. आपण कललोय हे त्यांना स्वतःला पटलं पाहिजे. नाही पटलं तर बसणं नाही. आणि बसणं नाही तर पुढचं सगळं विसरा."

नंदकुमारने समोर आरसा लावून पाहिला. क्षमा म्हणाली, आरसा वाकडा लावलाय. नवऱ्याला वाकडं म्हणायची सवय तीस वर्षांची, पण आता तो हसू शकला नाही. ही बाई अशीच आडवी पडून राहणार, या भीतीने त्याला घास गिळवेना.

ही तीच बाई, जी जुनी फोर बाय फोर जिप्सी घेऊन दर हिवाळ्यात सह्याद्रीच्या कच्च्या वाटा चढायची. त्या घरात गाडी क्षमाने चालवायची आणि अवघड जागी नंदकुमारने उतरून पुढे उभं राहायचं, दोन्ही पंजे वर करून, इकडे घे, तिकडे घे, बस. वाटेला दोष देणाऱ्या पुरुषांना ती तोंडावर सुनवायची, "नाचता येईना, अंगण वाकडं!" डॅशबोर्डवर तिने टिल्ट मीटर बसवला होता. गाडी कोणत्या बाजूला किती कलली, ते दाखवणारी गोल तबकडी. तिचा नियम एकच होता. उतारावर आपलं बूड खोटं बोलतं, मीटर खरं बोलतो. त्या मीटरमधलं तेल गळून तो गेल्या पावसाळ्यात बाद झाला होता.

ती दुसऱ्या कुणाचं ऐकत नव्हती. मीटरचं ऐकेल. बुडत्याला काडीचा आधार, तसा नंदकुमार साकीनाक्याला गेला आणि नवा मीटर घेऊन आला.

बसवला त्यानेच. हा माणूस बल्ब बदलायलाही इलेक्ट्रिशियनला फोन करणारा. उन्हाने कडक झालेलं डॅशबोर्डचं प्लॅस्टिक पहिल्याच स्क्रूला तडकलं. दुसरा स्क्रू सीटखाली गेला. अखेर मीटर बसला, तेव्हा त्याने काटा शून्यावर आणून स्क्रू आवळले आणि देवाला हात जोडले.

कामाला येणाऱ्या विमलाबाई आणि वॉचमन, दोघांनी मिळून क्षमाला व्हीलचेअरवरून खाली आणलं आणि ड्रायव्हरच्या सीटवर बसवलं. ती लगेच गियरकडे कलंडली.

"गाडी उजवीकडे झुकलीय," ती म्हणाली.

"मीटर बघ ना. शून्य आहे."

तिने बघितलं. बराच वेळ बघितलं.

"शून्यावर कुठे आणलास?"

"इथेच."

"पार्किंगमध्ये? गाडी धुतली की पाणी कुठे जातं रे?"

पाणी डावीकडे जायचं, नाल्याच्या जाळीकडे. फरशीला उतार होता. वीस वर्षं त्या जागी गाडी धुणाऱ्या नंदकुमारच्या हे डोक्यातही आलं नव्हतं.

"खोटा मीटर दाखवून फसवतोयस मला?" तिचा आवाज फाटला. "ने वर. हात लावू नका मला कुणी."

वाट लागली. एरवी दीड महिना तिचं सगळं चुकत होतं, आणि नेमकी मीटरबाबत ती बरोबर निघाली. लिफ्टमध्ये विमलाबाई हळूच म्हणाल्या, "साहेब, आता ताई कुणाचंच ऐकायच्या नाहीत." नंदकुमार खाली परत आला, जिप्सीत बसला आणि स्टिअरिंगवर डोकं टेकून लहान पोरासारखा रडला.

संध्याकाळी नंदकुमार चहा पाजत होता, तेव्हा क्षमा भिंतीकडे बघून बोलली. "त्याच जागेवर तोंड फिरवून उलटी लाव गाडी. मीटर प्रामाणिक असेल तर जेवढं या बाजूला दाखवतो, तेवढंच त्या बाजूला दाखवेल. नसेल, तर आत्ता शून्य आहे, तिकडे जे दाखवेल त्यातला निम्मा दोष मीटरचा, निम्मा जमिनीचा."

तो कप तसाच ठेवून धावला. खांबांच्या गर्दीत गाडी उलटी करताना कुणाची तरी तुळशीची कुंडी फुटली. मघाशी शून्यावर असलेला काटा आता उजवीकडे सहा अंशांवर होता. म्हणजे तीन जमिनीचे, तीन मीटरचे. त्याने स्क्रू ढिले केले, तबकडी फिरवून काटा तीनवर आणला, पुन्हा आवळले, गाडी पूर्वीसारखी लावली. काटा डावीकडे तीनवर थांबला. तरी विश्वास बसेना. पुन्हा उलटी, पुन्हा सुलटी. गॅलऱ्यांतून लोक बघत होते. बघेनात का.

सकाळी श्रुतिका आल्यावर क्षमाला पुन्हा खाली आणलं. सीटवर बसल्या बसल्या ती गियरकडे कलली आणि मीटरकडे बघत राहिली.

"डावीकडे तीन," ती म्हणाली. "पाणी ओता."

विमलाबाईंनी तिच्या दाराशी बादली ओतली. पाणी क्षणभर थांबलं, मग गाडीखाली शिरून पलीकडे जाळीकडे निघालं. क्षमाने ते जाताना पाहिलं. पुन्हा मीटर पाहिला.

"मीटर म्हणतो डावीकडे. पाणीही डावीकडेच जातंय. आणि मला गाडी उजवीकडे पडतेय असं वाटतंय." तिने नंदकुमारकडे पाहिलं. "म्हणजे मीच कलंडलेय?"

तीस वर्षांत नंदकुमारने तिला घाबरलेली कधी पाहिली नव्हती. आता पाहिली.

"किती रे, नंदू? किती कललेय मी?"

"सांगत नाही. दाखवतो."

श्रुतिका शेजारच्या सीटवर, विमलाबाई उघड्या दाराशी, हात पुढे करून तयार उभ्या. नंदकुमार बॉनेटपुढे जाऊन उभा राहिला. दोन्ही पंजे वर केले. खूण तीच होती. तुझ्या उजवीकडे घे. अजून.

क्षमाने काचेतून त्याच्या हातांकडे पाहिलं. सीटची कड दाबून धरलेला तिचा उजवा हात सुटत नव्हता. मग एकेक बोट सुटलं.

"पडतेय, नंदू! पडतेय रे!"

"माझ्या हाताकडे बघ. घे. अजून घे."

ती किंचाळत होती, रडत होती, आपण दरीत चाललोय याची तिला पक्की खात्री होती, आणि तरीही त्याच्या हातावरची नजर न काढता ती उजवीकडे येत राहिली.