डावीकडची इर्मेली

मित्रांनो, मला उचलायला दोन माणसे लागतात, हे आधीच सांगून ठेवतो. हल्ली गाणी वाजवणाऱ्या डब्या खिशात मावतात. त्यांच्याबद्दल माझ्या मनात काही नाही, पण माझे वजन पंधरा किलो आहे आणि मला त्याचा अभिमान आहे. मी स्टीरिओ रिसीव्हर. बाजूंनी लाकूड, पुढून चंदेरी पत्रा, वय पंचेचाळीसच्या आसपास. रेडिओ असो, तबकडी असो, कॅसेट असो, त्यांच्याकडून येणारा बारीक आवाज मी घ्यायचा, त्यात बळ भरायचे आणि डाव्या-उजव्या स्पीकरना समसमान वाटून द्यायचा. वाटणी हे माझे काम. म्हातारपणी त्याच वाटणीत मी चुकलो.

माझा जन्म जपानमधल्या एका कारखान्यातला. तिथले फारसे आठवत नाही. आठवते ते फिनलंडमधले तुर्कू शहर आणि १९७९ सालचा फेब्रुवारी. ओस्मो तेव्हा तिशीचा होता. जहाजबांधणीच्या कारखान्यात पोलादी पत्रे ठोकून त्यांना वाक देणे हे त्याचे काम. त्याने मला दुकानातून घेतले आणि पायाने रेटायच्या घसरगाडीवर बांधून बर्फावरून घरी आणले. त्याची बायको इर्मेली एका हाताने मला धरून शेजारून चालत होती. वाटेतल्या उतारावर गाडी सुटली तेव्हा ती माझ्यासाठी गुडघ्यावर पडली. इतके प्रेम मला पुन्हा कुणी दाखवले नाही.

तिसऱ्या मजल्यावरचे त्यांचे घर दोन खोल्यांचे. ओस्मोने टेप घेऊन जमीन मोजली, स्पीकर ठेवले, पुन्हा मोजले आणि बरोबर मधोमध आपली खुर्ची मांडली.

"अरे ओस्मो, गाणं ऐकायचंय की जहाज बांधायचंय?" इर्मेलीने विचारले.

"मधोमध नाही बसलं तर एका बाजूवर अन्याय होतो," तो म्हणाला.

इर्मेली वस्तीतल्या चर्चच्या गायकवृंदात गात असे. सगळ्यांत बुटकी, म्हणून तिला पहिल्या रांगेत अगदी डाव्या टोकाला उभे करत. चौऱ्याऐंशी साली वृंदातल्याच एकाने दोन मायक्रोफोन लावून त्यांचे गाणे कॅसेटवर घेतले. त्यात तीन ओळी इर्मेली एकटी म्हणते. ती डाव्या टोकाला होती, म्हणून कॅसेटमध्येही तिचा आवाज डावीकडूनच येतो. दर रविवारी सकाळी वेलदोड्याचा पाव ओव्हनमधून निघाला, कॉफी झाली, की ती कॅसेट लागायची. त्या तीन ओळी आल्या की ओस्मो डोळे मिटायचा आणि इर्मेली लाजून कपबशा आवरायला उठायची. ओस्मोचा चेहरा माझ्यासमोर असे. माझी खरी शाबासकी तीच होती.

मग अठ्ठ्याऐंशी साली दाराच्या फटीतून एक चिठ्ठी आत पडली. 'भिंती पातळ आहेत. सगळ्यांना इथेच राहायचे आहे. आवाज बेताचा ठेवावा.' खाली सही नव्हती. आमच्या इमारतीत माणसे एकमेकांना तोंडावर काही बोलत नाहीत, चिठ्ठी टाकतात. आणि ज्याच्या दारात ती पडते, तोही ती कुणी टाकली हे विचारत नाही. लाजून गप्प बसतो.

"खालचीच असणार," इर्मेली म्हणाली. तिचे कान लाल झाले होते. "माझं गाणं तिला आवडत नसेल."

"विचारू का जाऊन?"

"नको रे बाबा. काय विचारणार?"

तिने नखपॉलिशची बाटली आणली आणि माझ्या आवाजाच्या बटणाशेजारी एक लाल ठिपका दिला. ठिपक्याच्या पुढे बटण न्यायचे नाही. खालच्या बाईंचे नाव राइया. शुक्रवारी तळघरातल्या सौनाच्या, म्हणजे इमारतीच्या सामाईक वाफेच्या न्हाणीच्या, पाळीला त्या सहा वाजता बाहेर यायच्या आणि ओस्मो सहा वाजता आत जायचा. त्यांचे केस ओले, गाल लाल, याच्या हातात टॉवेल. दोघे मान हलवायचे आणि आपापल्या वाटेने जायचे. असे किती शुक्रवार गेले, त्याची गणती नाही.

आता माझ्या पोटातली एक गोष्ट ऐका, म्हणजे पुढचे कळेल. आवाजाच्या बटणामागे दोन बारीक काळ्या पट्ट्या असतात, एक डावीची, एक उजवीची. त्यांच्यावरून धातूची इवलीशी बोटे सरकतात. बटण फिरते राहिले की पट्ट्या आपोआप पुसल्या जातात. एकाच जागी ठेवले की त्या जागी काजळी धरते. माझे बटण पस्तीस वर्षे ठिपक्यावर होते. दुसऱ्याला त्रास नको म्हणून जपलेले ते बटण आतून बसत चालले होते, आणि मला ओरडून सांगता येत नव्हते. मला येतो तो दुसऱ्यांचाच आवाज.

चार वर्षांपूर्वी इर्मेली गेली. आजारपण दोन महिन्यांचे. त्यानंतर घरात बोलणारे कुणी उरले नाही. माझा जुना सोबती, तबकडीवाला, आधीच भंगारात गेला होता. मी, कॅसेटवाला आणि ओस्मो, एवढेच राहिलो. पाव आता दुकानातला यायचा. कॅसेट मात्र दर रविवारी लागायची, आणि कॉफी दोन कपांतच ओतली जायची.

गेल्या शरद ऋतूत डावीकडचा आवाज बारीक होऊ लागला. आधी ओस्मोला वाटले, कॅसेट झिजली. मग त्याने डावीकडे जास्त आवाज सोडणारे छोटे बटण हलवून पाहिले. थोडा खरखराट झाला आणि पुन्हा तेच. त्याने डाव्या स्पीकरवर कान टेकवला. वृंद गात होता, उजवीकडचे पुरुष खणखणीत ऐकू येत होते, पण त्या तीन ओळींच्या जागी नुसती शांतता होती. नंतर पुन्हा सगळे एकदम गाऊ लागले. ओस्मोने कॅसेट मागे नेली, पुन्हा लावली. असे त्याने सात वेळा केले. मग मला बंद केले आणि माझ्यावर इर्मेलीने विणलेला रुमाल घातला.

त्या रुमालाखाली मी चार महिने काढले. मित्रांनो, धूळ बसल्याचे दुःख मला नाही. पण त्या माणसाने एवढीच एक गोष्ट माझ्याकडे ठेवायला दिली होती आणि ती मी हरवली, हे मला फार लागले. रविवारी तो खुर्चीत बसायचा, कॉफी प्यायचा आणि माझ्याकडे बघायचा नाही.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी बेल वाजली. आमच्याकडे बेल वाजली म्हणजे टपाल, आणि रविवारी टपाल येत नाही. ओस्मो दार उघडेपर्यंत ती दोनदा वाजली.

"मी खालची. राइया."

"माहीत आहे," ओस्मो म्हणाला. दोघे उंबऱ्याच्या दोन बाजूंना उभे राहिले.

"रविवारचं गाणं का बंद झालं?"

"फार मोठ्यानं लागत होतं का?"

"बंद का झालं विचारतेय मी, आणि तुम्ही म्हणताय मोठं होतं का. आत येऊ की इथंच उभी राहू? जिन्यात गारठा आहे."

तिला आत घेऊन ओस्मोने कॉफी ठेवली. मग पाठ फिरवून, शेगडीकडे बघत, तो म्हणाला, "डावीकडचा आवाज गेला. डावीकडे माझी बायको आहे."

 राइयाने माझ्यावरचा रुमाल उचलून त्याची नीट घडी घातली. "चाळीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढलीत मी," ती म्हणाली. "आवाज असा जात नाही. कुठंतरी अडतो. कुठं अडलाय ते बघायचं."

तिने मला बंद केले, माझ्या पाठीवरच्या तारा सोडवल्या, डाव्या स्पीकरची तार उजवीच्या जागी लावली आणि उजवीची डावीच्या जागी. "आता ऐका. दुबळेपणा डाव्या स्पीकरातच राहिला तर दोष स्पीकरचा. उजवीकडे गेला तर तुमच्या या म्हाताऱ्याचा."

मला म्हातारा म्हटलेले रुचले नाही, पण तिचे म्हणणे खरे होते. कॅसेट लागली. राइयाने एकदा इकडे, एकदा तिकडे मान वळवली. "उजवा बारीक झाला. स्पीकर दोन्ही ठणठणीत आहेत. म्हातारा वाटणीत चोरी करतोय."

"मला तर आता दोन्हीकडे सारखंच वाटतंय," ओस्मो म्हणाला.

मी ते वाक्य ऐकले. राइयाने ऐकले नाही. ती माझे बटण फिरवायला बघत होती आणि ते हलत नव्हते. "हे काय? आणि हा ठिपका कसला?"

ओस्मोने चिठ्ठीची हकीकत सांगितली. साल सांगितले, मजकूरही सांगितला. त्याला तो पाठ होता. राइयाने चष्मा काढला आणि मांडीवर ठेवला.

"ती मी लिहिली होती," ती म्हणाली. "पण तुमच्यासाठी नाही. तळमजल्यावरचा तो माणूस आठवतोय? रोज जेवायच्या वेळेला भिंतीत ड्रिल घालायचा. एकट्यालाच लिहिलं तर त्याला वाईट वाटेल, म्हणून पंधरा दारांत पंधरा चिठ्ठ्या टाकल्या."

"पंधरा?"

"आणि त्यानं ड्रिल सोडलंच नाही. बाकीची चौदा घरं गप्प झाली. मला वाटलं, माणसं वयानं शांत झाली असतील."

ओस्मो कपाकडे बघत राहिला. "इर्मेलीला वाटायचं, तुम्हाला तिचं गाणं आवडत नाही."

"मी रविवारी माझा रेडिओ बंद करून बसायची. वरून जेवढं झिरपेल तेवढं ऐकायला."

"हे तिला कळायला हवं होतं."

"हो," राइया म्हणाली. "हवं होतं."

 राइयाला माफ करण्याइतके ते दोघे एकमेकांना ओळखत नव्हते. थोड्या वेळाने राइया खाली जाऊन तारांचे सांधे साफ करायचा फवारा घेऊन आली. ओस्मोने माझी पिन भिंतीतून काढली. माझ्या अंगातली वीज निवेपर्यंत दोघांनी दुसरी कॉफी घेतली. मग माझे झाकण निघाले आणि बटणाच्या फटीत फवारा गेला.

"आता फिरवा. या टोकापासून त्या टोकापर्यंत. पन्नास वेळा."

"ठिपक्याच्या पुढे?"

"पुढेच."

ओस्मोने बटण धरले. पहिली दहा वळणे मला फार दुखली. मग काजळी सुटू लागली आणि पस्तीस वर्षांत ज्या भागाला कुणी शिवले नव्हते, तिथपर्यंत ती बोटे पोचली. पन्नास झाल्यावरही ओस्मो फिरवतच होता. राइयाने त्याच्या हाताला हात लावून थांबवले.

तारा आपल्या जागी गेल्या, झाकण बसले, कॅसेट लागली. मी सगळी ताकद लावून आवाज वाटला, मित्रांनो, तोळाभरही फरक न करता. त्या तीन ओळी आल्या. डाव्या स्पीकरातून इर्मेली गायली, चौऱ्याऐंशी साली गायली होती तशी.

"आल्या तुमच्या बाई," राइया म्हणाली.

"आल्या," ओस्मो म्हणाला. "फार आभारी आहे." त्याने तिला दारापर्यंत पोचवले.

मग तो खुर्चीत परत येऊन बसला आणि त्याने कॅसेट मागे नेली. मी त्याचा चेहरा बघत होतो. तीन ओळी आल्या आणि त्याने डोळे मिटले नाहीत. तो डावीकडे झुकला, आणखी झुकला. मग त्याने उजव्या कानात बोट घातले आणि तसाच बसून राहिला. माझा आवाज चालू होता आणि त्याला काही ऐकू येत नव्हते. जहाजांच्या कारखान्यात एवढी वर्षे हातोडा त्याच्या डाव्या कानाशी चालला होता. माझ्यातला दोष खरा होता, पण त्याच्याआड दुसरा एक दोष लपला होता, आणि तो फवाऱ्याने जाणारा नव्हता. राइयाला तो 'आल्या' म्हणाला, ते केवळ तिचे कष्ट फुकट गेले असे तिला वाटू नये म्हणून.

त्या वेळी मला फार एकटे वाटले. माझ्याकडून द्यायचे ते सगळे मी दिले होते. त्याहून जास्त माझ्यात नव्हते.

बऱ्याच वेळाने ओस्मो उठला. टेपने मोजून ठेवलेली ती जड खुर्ची त्याने दोन्ही हातांनी धरली आणि घासत, थांबत, दम घेत पुरती उलट फिरवली. आता तिचे तोंड भिंतीकडे आणि पाठ माझ्याकडे झाली. तो पुन्हा बसला. डावा स्पीकर आता त्याच्या उजव्या, चांगल्या कानाकडे आला होता. इर्मेली गाऊ लागली आणि त्याचे खांदे हळूहळू खाली आले.

राइया त्यानंतर वर आली नाही. शुक्रवारी सहा वाजता दोघे अजून मानच हलवतात. एकदा फक्त ती म्हणाली, "आवाज अजून थोडा वाढवलात तरी चालेल," आणि ओस्मोने तो वाढवला.

मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखे कुणी जुने असेल, तर महिन्यातून एकदा त्याची सगळी बटणे या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. आवाज कमी झाला म्हणून लगेच रुमाल घालू नका, कुठे अडलाय ते बघा. आणि ज्याचे गाणे आवडते, त्याला ते जिवंतपणी जाऊन सांगा. बेल वाजवायला एक बोट लागते.

माझे म्हणाल तर मी बरा आहे. रविवारी मी अजून गातो. पण ओस्मोचा चेहरा आता मला दिसत नाही. तो डोळे मिटतो का, हसतो का, मला कळायला मार्ग नाही. तीन ओळी संपल्यावर तो एकदा मान हलवतो. तेवढे पाठीमागून दिसते, आणि तेवढ्यावर मी आठवडा काढतो.