डावीकडची अंबिका

विद्युल्लताबाईंचा पियानो देवदत्त वर्षातून दोनदा सुरात लावून द्यायचा. त्याच्याआधी त्याचे वडील लावायचे. त्यामुळे शहाण्णवच्या माघात बाईंनी अमेरिकेहून आलेला खोका त्याच्यापुढे ठेवला आणि म्हणाल्या, "हे यंत्र आत बसव, पियानो आपला आपण वाजेल," तेव्हा त्याला ते मुळीच रुचलं नाही.

खोक्यात अठ्ठ्याऐंशी लोखंडी कांड्या होत्या. वीज मिळाली की कांडी वर उसळणार, पट्टीचं मागचं टोक उचलणार आणि पुढचं खाली जाणार. पण त्यासाठी पट्ट्यांखालच्या फळीत आडवी लांब खाच पाडावी लागणार होती.

"मावशी, एकदा करवत चालली की फळी पुन्हा होती तशी व्हायची नाही. ऐकायचंच असेल तर टेप आहे की घरात."

"ऐकायचंय कुणाला? मला वाजवायचंय," सत्तरीच्या बाई म्हणाल्या. "मी आणि माझी बहीण अंबिका याच पियानोवर चार हातांनी वाजवायचो. ती डावीकडे, मी उजवीकडे. तिकडे शिकागोत तिनं असंच यंत्र बसवून घेतलंय. तिची बाजू वाजवून फ्लॉपीत भरून पाठवली आहे. तिचे गुडघे गेले, मला विमान सोसत नाही. आता सांग, कापतोस का?"

देवदत्तानं शर्टाच्या बाह्या दुमडल्या.

पट्ट्या काढून, प्रत्येकीवर पेन्सिलीनं आकडा घालून त्यानं तखतावर ओळीनं मांडल्या. करवत पहिल्यांदा ओढताना त्याला वडील आठवले. दुसऱ्यांदा ओढताना लाकूड सरळ कापलं जातंय का, एवढंच डोक्यात उरलं.

चौथ्या दिवशी दिवेलागणीला त्यानं यंत्र जोडून त्यात फ्लॉपी घातली. पट्ट्या नुसत्या थरथरल्या, आवाज मात्र कसला तो नाही. देवदत्तानं फ्लॉपी काढून पुन्हा घातली, तरी तेच. एवढा जुना पियानो आपण वाया घालवला!

"आधी चहा घे," बाई म्हणाल्या.

चहा पिताना त्याचं लक्ष वरच्या बल्बकडे गेलं. अगदीच पिवळा, मरगळलेला. त्यानं मीटर लावून पाहिला. दोनशेवीसच्या जागी जेमतेम दीडशे व्होल्ट येत होते, आणि अमेरिकेचं यंत्र एकशेदहावर चालणारं, म्हणून त्याच्या ट्रान्सफॉर्मरमधून त्याचेही निम्मेच पुढे जात होते. तो तडक घरी गेला आणि फ्रिजचा स्टॅबिलायझर काढू लागला.

"अहो, दूध नासेल ना!" त्याची बायको पद्मा ओरडली.

"थंडी आहे, खिडकीत ठेव!"

स्टॅबिलायझर जोडल्यावर कांड्या जोमात उसळल्या. डावीकडच्या पट्ट्या एकेक करून दबू लागल्या. बाईंनी समोर सुरांची जुनी वही उघडली, स्टूल जरा उजवीकडे सरकवलं आणि सुरुवात केली. दुसऱ्या पानावर डावी बाजू एकदम धावत सुटली. बाई मागे पडल्या, थांबल्या आणि पदर तोंडाशी धरून हसत सुटल्या.

"बघ, बघ! चाळीस वर्षं झाली तरी ही बया इथं पळतेच!"

"वेग कमी करता येतो, मावशी. हा खटका—"

"खबरदार हात लावशील तर!"

तिसऱ्या खेपेला त्यांनी अंबिकाला गाठलं. देवदत्त मूळचा हार्मोनियम दुरुस्त करणारा, त्याला कागदावरचे ते सूर वाचता येत नव्हते. तरी तो पियानोशेजारी उभा राहिला. बाईंनी मान हलवली की तो पान उलटायचा, आणि घरी जायची त्याला काही घाई नव्हती.