तू कोणाचा?

"पोडवालोव!" वादिम पेत्रोविच मोठ्याने हसले. "तळघरात सापडला, म्हणून पोडवालोव. कसं आहे?"

दोघी सुइणीही हसल्या. प्रसूतिगृहाचे मोठे डॉक्टर विनोद करतात तेव्हा हसावंच लागतं. मी इथली साधी आया, पण मला हसू आलं नाही. पहाटे आमच्याच तळघरात, बॉयलरपाशी, कुणीतरी शालीत गुंडाळून सोडलेलं ते पोर माझ्या हातात होतं.

"घाणेरडं आडनाव आहे," मी म्हणाले.

"असं का, कापितोलिनाबाई? टाकलेल्या पोरांची आडनावं अशीच ठेवतात. पद्धतच आहे."

पद्धत! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मला चर्चच्या पायरीवर टाकलं होतं, म्हणून मी पापेर्तिना, पायरीवरची. आमच्याकडे अनोळखी पोर दिसलं की लोक पहिलं विचारतात, "तू कोणाचा रे?" आडनाव हेच त्याचं उत्तर. इव्हानचा तो इव्हानोव, कुझ्माचा तो कुझ्मिन. आणि मी कोणाची? दगडाची! लग्न होऊन ग्राचोवा झाले तेव्हा कुठे सुटले. तेही पुरतं नाही. नवरा युद्धावरून परतला नाही, मूलबाळ झालं नाही, आणि सासू खूश असली की मला लाडाने 'कापा' म्हणते, पण चिडली की अजून म्हणते, "पायरीवरची ती पायरीवरचीच!"

"ग्राचोव लावा," मी म्हणाले.

"तुमचं? घरच्यांना विचारलंत?"

"घरी आहे कोण? मी आणि म्हातारी. तिचा मुलगा लढाईत गेला. त्याचं नाव एका पोराला मिळालं तर तुमचं काय जातं? तुमच्या मुलाला लावा की तळघराचं नाव!"

सुइणींचं हसणं बंद झालं. डॉक्टर लालबुंद झाले. "लावा काय लावायचं ते," म्हणून निघून गेले.

मेणकापडाच्या पट्टीवर मी 'ग्राचोव' लिहिलं आणि ती त्याच्या मनगटाला बांधली. दुसऱ्या दिवशी त्याला अनाथालयात नेणार होते. एका खोलीत, अंथरूण धरलेल्या सासूसोबत मी त्याला कशी वाढवणार? देण्यासारखं नावच तेवढं होतं.

घरी गेले ती भांडायच्या तयारीनेच.

"आई, एका टाकलेल्या पोराला तुमचं आडनाव दिलं. तुम्हाला न विचारता."

"आडनाव काय वाटायला ठेवलंय माझं?" सासू आगाफ्या कडाडली. "आणि सापडलं कुठे?"

"तळघरात. बॉयलर विझलेला होता."

"या थंडीत? मेल्यांनो!" ती कण्हत उठली. पेटीच्या तळातून तिने लोकरीचे दोन इवलेसे मोजे काढले. ते कुणाचे, हे मला विचारावं लागलं नाही.

"सकाळी घाल त्याला," ती माझ्याकडे न बघता म्हणाली. "ग्राचोवांच्या पोरांचे पाय फार लवकर गारठतात, कापा."